पहिली स्टीमपंक रहस्यकादंबरी वाचताना

वाफेवर धावणाऱ्या बग्ग्या, घरांच्या छपरांवरून सरकत जाणारी हवाई जहाजं, चावी दिली की कामाला लागणारे पितळी नोकर, आणि धुक्यात बुडालेल्या लंडनमध्ये एका सोळा वर्षांच्या मुलीला दिसलेलं प्रेत. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या स्टीमपंक रहस्यकादंबरीची सुरुवात साधारण अशी होते. आपल्याकडचा वाचक हे पुस्तक हौसेने उघडतो आणि बरेचदा चाळीस-पन्नास पानांनंतर मिटून ठेवतो. अनोळखी शतक, अनोळखी यंत्रं आणि गुंतागुंतीचा गुन्हा अशा तीन गोष्टी एकदम अंगावर येतात. त्यात इंग्रजीही जुन्या वळणाचं. हा लेख अशा वाचकासाठी आहे, मग तो नववीतला असो वा पन्नाशीतला.

एक गोष्ट पहिल्यापासून मनात धरली तर वाट सोपी होते. चांगल्या स्टीमपंक रहस्यकथेत गुन्ह्याचे नियम यंत्रं ठरवतात. त्या जगात कोणतं यंत्र काय करू शकतं आणि कुठे अडतं, हे ज्याला कळलं त्याने गुन्हेगाराचा निम्मा माग काढलाच म्हणून समजा. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीभोवती फिरतात.

पुस्तक निवडताना

स्टीमपंक या नावाखाली बरंच काही विकलं जातं. हे नाव 1987 साली अमेरिकी लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी ‘लोकस’ मासिकाला लिहिलेल्या पत्रात सुचवलं आणि ते रुळलं. या कथांमधला काळ बहुधा एकोणिसावं शतक, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीचा, 1837 ते 1901. फरक एवढाच की तिथे वाफेची आणि दातेरी चाकांची यंत्रं खऱ्या इतिहासापेक्षा खूप पुढे गेलेली असतात. काही पुस्तकं निव्वळ साहसकथा असतात, काही प्रेमकथा, काही युद्धकथा. रहस्य हवं असेल तर मलपृष्ठावरचा मजकूर नीट वाचा. कुणीतरी नाहीसं झालंय, कुणाचा तरी खून झालाय किंवा काहीतरी चोरीला गेलंय, आणि नायिका किंवा नायक त्याचा छडा लावणार आहे, एवढं तिथे स्पष्ट दिसलं पाहिजे. मुखपृष्ठावरची चाकं आणि गॉगल बघून पुस्तक घेऊ नका.

सुरुवातीला मी कॉलीन ग्लीसन यांचं ‘द क्लॉकवर्क स्कॅरब’ (2013) सुचवेन. 1889 चं लंडन, शेरलॉक होम्सची पुतणी आणि ‘ड्रॅक्युला’कार ब्रॅम स्टोकर यांची बहीण अशा दोन तरुणी तपास करतात, आणि त्या जगात कायद्याने विजेवर बंदी आहे. म्हणजे यंत्रांचा नियम लेखिकेने सरळ कायद्याच्या रूपात मांडलाय. नवख्या वाचकाला इतकी मोकळी सोय क्वचित मिळते. हलकंफुलकं आवडत असेल तर गेल कॅरिजर यांचं ‘एटिकेट अँड एस्पिओनाज’ (2013) घ्या. त्यात तरंगत्या हवाई जहाजावर मुलींची शाळा भरते आणि रीतिरिवाजांच्या जोडीने हेरगिरीचं शिक्षण मिळतं. स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या ‘लेव्हायथन’चं (2009) नाव सगळीकडे ऐकायला मिळेल. पुस्तक उत्तम आहे, कीथ थॉम्पसन यांची चित्रंही सुंदर आहेत, पण ती पहिल्या महायुद्धाभोवतीची साहसकथा आहे. रहस्याची भूक त्याने भागणार नाही.

या कादंबऱ्या बहुधा मालिकेत येतात. मालिकेतलं पहिलंच पुस्तक घ्या, मधला भाग स्वस्तात मिळतोय म्हणून तिथून सुरू करू नका. घेण्याआधी ई-पुस्तकाचा मोफत नमुना वाचून पाहा. पहिल्या प्रकरणातली नायिका आवडली नाही तर पुढची तीनशे पानं तिच्या सोबतीने जड जातील.

पुस्तक उघडण्याआधी अर्धा तास

त्या काळाची थोडी ओळख करून घ्या. इतिहासाचं जाड पुस्तक नको, चार-पाच खुणा पुरतात. 1829 साली लंडनचे महानगर पोलीस अस्तित्वात आले आणि 1842 मध्ये त्यांची गुप्त पोलीस शाखा. 1851 साली हाइड पार्कमध्ये काचेच्या प्रचंड महालात यंत्रांचं आणि मालाचं जागतिक प्रदर्शन भरलं. 1863 मध्ये लंडनची भुयारी रेल्वे सुरू झाली, तीही वाफेच्या इंजिनांवर. 1876 साली टेलिफोनचं पेटंट निघालं. कादंबरीतलं साल या रांगेत कुठे बसतं ते पाहिलं की तुमच्यासमोर चित्र उभं राहतं.

आपल्या इथल्या खुणा शेजारी ठेवल्या तर ते चित्र आणखी जवळ येतं. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली 16 एप्रिल 1853 ला, म्हणजे त्या काचेच्या महालानंतर दोनच वर्षांनी. त्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडली होती. आणि 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती. एखाद्या कादंबरीतल्या लंडनच्या मुलीला ‘मुलीच्या जातीला गणित कशाला’ असं ऐकवलं जातं, तेव्हा त्याच वर्षांत इथे काय चाललं होतं हे आठवून पाहा. ते शतक परकं वाटेनासं होतं.

मराठीत वाचत वाचत इथवर यायचं असेल तर त्यालाही रस्ता आहे. ज्यूल व्हर्न मराठीत आणले भा. रा. भागवतांनी आणि शेरलॉक होम्स आणला भालबा केळकरांनी. स्टीमपंक रहस्यकथा नेमकी या दोन घराण्यांच्या संगमावर उभी आहे. ज्यांनी लहानपणी हे दोन्ही वाचलंय, त्यांची तयारी झालेलीच आहे.

पहिली पन्नास पानं

सावकाश वाचा, पण प्रत्येक शब्दासाठी थांबू नका. टोप्या, झगे, बग्ग्यांचे प्रकार, फर्निचर यांची नावं सर्रास सोडून द्या. यंत्राचं नाव मात्र सोडू नका. ‘ईथर’ हा शब्द बहुधा भेटेल. प्रकाश ज्या माध्यमातून प्रवास करतो असं एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ खरोखर मानत होते, ते हे माध्यम. 1887 च्या मायकेलसन-मोर्ली प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही. स्टीमपंक लेखक मात्र ते खरं धरून त्यावर संदेश पाठवतात, दिवे लावतात, जहाजं चालवतात. लेखक ईथरकडून काय काम करून घेतोय तेवढं टिपून पुढे चला.

पात्रांच्या नावांचा गोंधळ इथेच होतो. एकाच मुलीला नोकर एका नावाने, पाहुणे दुसऱ्या नावाने आणि बहीण तिसऱ्याच नावाने हाक मारते. त्या काळचा रिवाज असा: घरातली थोरली अविवाहित मुलगी ‘मिस’ आणि आडनाव, धाकट्या मुली ‘मिस’ आणि स्वतःचं नाव. ‘सर’ ही पदवी पहिल्या नावाला लागते, आडनावाला नाही. वरिष्ठ नोकरांना नुसत्या आडनावाने बोलावतात. हे ठाऊक असलं की चार माणसं वाटतात ती दोनच निघतात. कधी उलटही होतं. एकच वाटणारी व्यक्ती दोन निघते, आणि तिथे लेखकाने काहीतरी लपवलेलं असतं.

पैशांचा हिशेब आपल्याला अवघड जायला नको. एक पौंड म्हणजे 20 शिलिंग, एक शिलिंग म्हणजे 12 पेन्स, गिनी म्हणजे 21 शिलिंग. आपला जुना रुपया 16 आण्यांचा आणि आणा 12 पैंचा होता, तसंच हे. मोलकरणीच्या खिशात गिन्या सापडल्या तर ते वाक्य अधोरेखित करा.

यंत्रांचं पान

आता मुख्य काम. वहीचं एक पान यंत्रांसाठी राखून ठेवा. दोन रकाने पाडा: यंत्र काय करतं, आणि त्याला काय लागतं. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. गुन्हेगार पकडला जातो तो बहुधा यंत्राच्या गरजेमुळे.

वाफेचं उदाहरण घ्या. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, कोळसा लागतो आणि वेळ लागतो. थंड पडलेल्या रेल्वे इंजिनात कामापुरता दाब तयार व्हायला काही तास जातात, आणि लहान बॉयलरलाही थोडा धीर धरावा लागतोच. आता समजा, कादंबरीतला एक सरदार म्हणतो, ‘किंकाळी ऐकली आणि मी तडक वाफेची बग्गी काढून डॉक्टरांकडे धावलो.’ तडक कशी निघाली? बॉयलर आधीच पेटवलेला होता. मग किंकाळी येणार हे कुणाला तरी आधीच माहीत होतं. असा धागा लेखक तुमच्या नाकासमोर ठेवतो आणि पुढच्याच ओळीत डॉक्टरांच्या घराचं वर्णन सुरू करतो, म्हणजे तुमचं लक्ष तिकडे जावं. वाफ आवाज करते, धूर आणि काजळी सोडते, जमिनीवर पाण्याचे थेंब सांडते. बंद खोलीतल्या गालिच्यावर काजळीचा डाग नसेल, तर तिथे वाफेवरचं यंत्र आलंच नव्हतं.

चावीच्या यंत्राचा स्वभाव वेगळा. घड्याळासारखी आत एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. चावी देताना माणूस आपल्या हाताची ताकद तिच्यात साठवतो आणि ती हळूहळू सुटत जाते. धूर नाही, उष्णता नाही, आवाज अगदी थोडा. पण ठरावीक वेळाने ते थांबतंच. म्हणून चावीवरच्या यंत्राबाबत दोन प्रश्न: शेवटची चावी कुणी दिली, आणि केव्हा? पितळी नोकर रात्री अकराला दिवाणखान्यात निश्चल सापडला आणि त्याची चावी सहा तास पुरते असं तिसऱ्या प्रकरणात सांगून ठेवलंय, तर संध्याकाळी पाचच्या सुमारास त्याच्याजवळ कोण होतं हे शोधा. लेखकाने ते कुठेतरी लिहिलेलं असतं, बहुधा चहाच्या प्रसंगात.

हवाई जहाजांना हलका वायू लागतो आणि वाऱ्याची भीतीही असते. 24 सप्टेंबर 1852 ला आंरी जिफार यांनी पॅरिसजवळ 3 अश्वशक्तीच्या वाफेच्या इंजिनावर आपलं हवाई जहाज सुमारे 27 किलोमीटर नेलं. फुग्यात पेट घेणारा वायू, म्हणून त्यांनी इंजिनाचं धुराडं खालच्या दिशेला वळवलं होतं. आणि वारा जोराचा असल्यामुळे त्यांना उलटं परतता आलं नाही. ही दोन्ही बंधनं कादंबरीत भेटतील. हवाई जहाजावर कुणी उघडा दिवा नेला, किंवा वाऱ्याच्या विरुद्ध ठरल्या वेळेत पोहोचल्याचा दावा केला, तर त्याचं नाव पानावर उतरवा.

बोलणारी, विचार करणारी, पत्ते खेळणारी यंत्रं आली की मात्र जास्त सावध व्हा. 1770 साली व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फॉन केम्पेलेन यांनी बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक तुर्क सादर केला. पुढे कित्येक दशकं त्याने युरोप-अमेरिकेत भल्याभल्यांना हरवलं. गणकयंत्राचे जनक चार्ल्स बॅबेजही त्याच्याशी खेळून हरले होते. तुर्क ज्या पेटीवर खेळायचा, तिच्यात खरा बुद्धिबळपटू लपून बसायचा. त्यामुळे स्टीमपंक रहस्यकथेत एखादं यंत्र फारच हुशार वाटलं, तर आत माणूस मावेल एवढी जागा आहे का, हे वर्णनात तपासा.

याच बॅबेजांचं स्वतःचं आकडेमोड करणारं मोठं यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नाही. 1991 मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमने त्यांच्या आराखड्यांवरून त्यांच्या दुसऱ्या ‘डिफरन्स इंजिन’चा गणिती भाग बांधला आणि तो बरोबर उत्तरं देऊ लागला. आराखडा चोख होता, घडवणं तेवढं राहून गेलं होतं. स्टीमपंकची सगळी कल्पना या एका ‘झालं असतं तर’मध्ये सामावलेली आहे, आणि मला या साहित्यप्रकाराची ओढ वाटते तीही यामुळेच. इथली स्वप्नं अगदी थोडक्यात हुकलेली असतात.

तपास कसा वाचायचा

कादंबरीतले तपासनीस चौदा ते अठरा वर्षांचे. त्यांच्याकडे अधिकार नाही, पैसा नाही, मुलगी असेल तर सोबतीशिवाय बाहेर पडायची परवानगी नाही. ही बंधनं कंटाळवाणी वाटू शकतात, पण तपासाची रचना त्यांच्यावरच उभी असते. मोठ्यांच्या डोळ्यांआड कोण फिरू शकतं? मुलं, नोकर, शिवणकाम करणाऱ्या बायका. म्हणून नायिकेला माहिती पोलिसांपेक्षा स्वयंपाकघरातून लवकर मिळते. नोकरांचे संवाद वरवर वाचू नका. नृत्यसमारंभ आणि प्रेमाचे प्रसंगही गाळू नका. गर्दीत कोण कुणाच्या शेजारी उभं होतं, हे लेखक अशाच ठिकाणी सांगून मोकळा होतो.

त्या काळच्या पोलिसांकडे काय होतं आणि काय नव्हतं, तेही लक्षात घ्या. बोटांच्या ठशांचं कार्यालय जगात प्रथम 1897 मध्ये कोलकात्यात सुरू झालं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा त्या वर्गीकरणात मोठा वाटा होता. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात ती पद्धत 1901 ला पोहोचली. तेव्हा 1880 च्या लंडनमध्ये नायिका ठसे घेऊ लागली, तर लेखकाने तिला काळाच्या पुढे नेलंय असं समजा आणि ते कशाच्या बळावर, हे पाहा. तार मात्र होती आणि तिने खरोखर खुनी पकडून दिलाय. 1 जानेवारी 1845 ला जॉन टॉवेल नावाचा माणूस स्लाउजवळ एका बाईला विष देऊन लंडनच्या गाडीत बसला. त्याच्या अंगावर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा पोशाख होता. स्लाउ स्टेशनवरून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला तार गेली, पण त्या तारयंत्रात ‘क्यू’ हे अक्षरच नव्हतं. तारबाबूने ‘के’ आणि ‘डब्ल्यू’ वापरून क्वेकर लिहिलं. पलीकडच्या माणसाला आधी काही उलगडेना, मग अर्थ लागला आणि टॉवेल पकडला गेला. यंत्राची मर्यादा, माणसाची हुशारी आणि गुन्हा हे तिन्ही एका खऱ्या घटनेत आले आहेत. उत्तम स्टीमपंक रहस्यात तुम्हाला हेच मिळायला हवं.

निवेदक दोन असतील, जसे ‘द क्लॉकवर्क स्कॅरब’मध्ये आहेत, तर दोघींनी एकच प्रसंग कसा सांगितला ते ताडून पाहा. एकीला यंत्र दिसतं, दुसरीला माणूस.

साम्राज्याकडे डोळेझाक करू नका

हे मराठी वाचकासाठी मुद्दाम लिहितोय. या कादंबऱ्यांमध्ये ‘पूर्वेकडून आलेला’ हिरा, ‘हिंदुस्थानात नोकरी केलेला’ कर्नल, शापित मूर्ती असं सामान बरंच असतं. 1851 च्या त्या प्रदर्शनात कोहिनूर मांडला होता. तो दोनच वर्षांपूर्वी पंजाब खालसा करताना बाल महाराजा दुलीपसिंगांकडून घेतलेला होता. लोक गर्दीने बघायला आले आणि त्याला हवी तशी चमक नाही म्हणून हिरमुसले. कादंबरीत असा हिरा चोरीला जातो तेव्हा तो मुळात कुणाचा, हा प्रश्न नायिकेला पडतो का? काही लेखक तो विचारतात, आणि मग चोराकडे बघण्याची नजरच बदलते. काही विचारत नाहीत. जिथे विचारत नाहीत तिथे तुम्ही विचारा, पुस्तकाचा आनंद त्याने कमी होत नाही. गिरण्यांतला कापूस, चहा, नीळ यांचा उल्लेख आला की तो माल कुठल्या बंदरातून निघाला असेल, हेही मनात येऊ द्या.

शेवटच्या पाव भागाआधी थांबा

साधारण तीन चतुर्थांश पुस्तक झालं की एक दिवस पुस्तक बाजूला ठेवा आणि यंत्रांचं पान काढा. कोणत्या यंत्राचं वर्णन सविस्तर आलं, पण त्याचा उपयोग अजून झालेला नाही? तिथे बोट ठेवा. मग संशयितांपैकी त्या यंत्रापर्यंत कुणाचा हात पोहोचतो ते पाहा आणि आपला अंदाज कारणांसकट लिहा. घरात दुसरं कुणी तेच पुस्तक वाचत असेल तर दोघांनी वेगवेगळं लिहा आणि एकमेकांना दाखवू नका. आई आणि मुलाने मिळून वाचायला हा प्रकार फार छान आहे. मुलांना यंत्रं पटकन कळतात, मोठ्यांना माणसं.

उरलेला भाग शक्यतो एका बैठकीत वाचा. शेवटी उलगडा ज्या यंत्रामुळे झाला, ते पहिल्या अर्ध्या पुस्तकात कुठे आलं होतं ते मागे जाऊन शोधा. सापडलं, आणि त्याची मर्यादाही तिथेच सांगितलेली होती, तर लेखक तुमच्याशी प्रामाणिक वागला आहे. त्याची पुढची पुस्तकं बिनधास्त घ्या. यंत्र शेवटच्या वीस पानांत एकाएकी उपटलं असेल तर लेखक बदला, साहित्यप्रकार सोडू नका.

मालिकेत मोठा खलनायक बहुधा निसटतो आणि या भागातला गुन्हा तेवढा सुटतो. तेव्हा काही प्रश्न उरले म्हणून वैतागू नका, ते वेगळ्या पानावर लिहून ठेवा. यंत्रांचं पानही फाडून टाकू नका. पहिल्या भागात शिकवलेले नियम दुसऱ्या भागात लेखक सहसा पुन्हा समजावून सांगत नाही.